सत्तेचाळिसावा फोन

"इथलं वाय-फाय बंद आहे का हो?"

शमिकाने मान वर केली नाही. दुपारचे अडीच वाजले होते आणि सकाळपासून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मांडवीजवळच्या या वाचनालयात महिनाभर लोकांच्या फोनवर लॉगिनचं पानच उमटत नव्हतं. आज सकाळी तिने स्वतः बनवलेलं नवं पान लावलं होतं. ग्रंथपाल मालनताईंनी बजावलं होतं, "पाचपर्यंत एक फोन जरी अडला ना गो, तर समिती हे काम पुण्याच्या कंपनीला देणार."

वहीत सकाळपासून तपासलेले सेहेचाळीस फोन होते. सेहेचाळीस बरोबरच्या खुणा.

"बंद नाही. फोन बघू तुमचा."

पुढे आलेला हात उन्हाने रापलेला होता, आणि वर एक हसरा चेहरा... ते हसू आवडून घ्यायचं नाही, असं तिने ताबडतोब ठरवलं.

फोनवर पान उघडलं. पांढरं फटक.

"नाव?"

"स्वरूप. जवळच्याच भाट्ये गावचा. बोटीवर असतो, आठ दिवस झाले येऊन. तुमचं?"

"वहीत फक्त फोनवाल्याचं लिहितात."

तिने नेटवर्क काढून पुन्हा जोडलं. सेटिंग्ज तपासल्या. कोरं. मालनताई चष्म्यावरून बघत होत्या. मग शमिकाची नजर फोनच्या कोपऱ्यात गेली.

"तुमच्या फोनात सकाळचे सहा वाजलेत."

"बोटीची वेळ. ब्राझीलच्या बाजूला होतो. जाताना बोटीवर घोषणा झाली की हाताने एकेक तास मागे घ्यायचा."

"आणि घरी आल्यावर पुढे?"

तो घुटमळला. "इथल्या वेळेवर मला कुठे पोचायचं असतं?"

शमिका पहिल्यांदा हसली. "अहो, पान खरं आहे हे सांगणारं सर्टिफिकेट मी आज साडेदहाला काढलं. तुमच्या फोनात साडेदहा वाजलेच नाहीत! जन्मालाच न आलेल्या पानावर तो विश्वास ठेवील कसा?"

"म्हणजे फोन शहाणा आहे."

"मालकापेक्षा."

तिने घड्याळ आपोआपवर टाकलं. निळं पान झळकन उमटलं.

"सुटलीस!" मालनताई म्हणाल्या. "चूक ह्याच्या घड्याळाची. मार खूण."

शमिकाने मात्र वहीत फुली मारली. "ताई, हे बंदराचं गाव. असे फोन घरोघरी येणार. फोन अडला म्हणजे माझं पान अडलं."

बिघाड जुन्या पानात होता; त्याचं सर्टिफिकेट ठीक होतं आणि अजून आठ दिवस चालणारं होतं. तिने तेच परत लावलं आणि स्वरूपकडे वळली. "आता घड्याळ पुन्हा मागे घ्या."

"आत्ताच तर पुढे केलंत!"

"तपासायचंय."

त्याने मुकाट घेतलं... आणि बोटीवरच्या त्या पहाटेतही पान उमटलं. शमिकाने फुलीसमोर लिहिलं : कारण, बोटीचं घड्याळ. उपाय, नवं सर्टिफिकेट लोणच्यासारखं चार दिवस मुरवायचं, मगच लावायचं.

पाचला समितीचे अध्यक्ष भागोजीकाका आले. तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस. त्यांनी फुली पाहिली, समोरची ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"पुण्याच्या माणसाला हे सुचलं असतं काय?" ते एवढंच म्हणाले आणि वही शमिकाच्या हाती परत दिली. "काम तुझ्याकडंच राहूदे, पोरी."

टाळी एकच वाजली. ती अजून तिथेच रेंगाळलेल्या स्वरूपची होती, आणि त्याच्या डोळ्यांत असा काही अभिमान होता, जणू पान त्यानेच बनवलं होतं.

मग तो रोज यायचा. पान उमटतं ना, ते 'तपासायला'. तीन आठवडे.

बोटीवर परत निघायच्या आदल्या संध्याकाळी जेटीवर त्याने फोन तिच्यापुढे धरला. "यात दोन घड्याळं ठेवता येतात. बोटीचं एक. आणि इथलं एक ठेवलं तर... चालेल?"

"इथल्या वेळेवर तुम्हाला कुठे पोचायचं असतं?"

"सहाला," तो हळूच म्हणाला. "तुम्ही सुटता तेव्हा. रोज. तिथून फोन करीन... आणि सहा महिन्यांनी परत आलो की इथेच उभा असेन. तुमची हरकत नसेल तर."

लाटा जेटीला धडकत होत्या. शमिकाने फोन घेतला, दुसरं घड्याळ लावलं, मिनिट स्वतःच्या मनगटाशी ताडून पाहिलं.

"उशीर केलास," फोन परत देत ती म्हणाली, "तर वहीत फुली मारीन."

तो 'तू' ऐकून स्वरूप फोन घ्यायचाच विसरला.