पायाच्या मापाच्या दांड्या

मे महिन्यातली गोष्ट. यवतमाळहून बाभुळगावला मला तीन लोखंडी दांड्या बसवायला जायचं होतं. काम तासाभराचं. दांड्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सुतळीने मोटारसायकलच्या बाजूला बांधल्या, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि जेवण करून निघालो.

आधीच सांगतो, मी भूतखेत मानणारा माणूस नाही. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत, आणि मी आयटीआयचा टर्नर आहे. मोजल्याशिवाय लोखंड कापत नाही. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत ऐकून घ्या.

दांड्या रवीच्या गिटारीच्या होत्या. खांद्याला अडकवायची ती गिटार नव्हे. हिला पेडल स्टील गिटार म्हणतात. टेबलासारखी चार पायांवर उभी असते, तारा वरच्या अंगाला. वाजवणारा समोर बसतो, लोखंडाचा गुळगुळीत तुकडा तारांवरून सरकवतो आणि खाली पायाने पेडल दाबतो. पेडलला जोडलेली दांडी तार ओढते आणि वाजता वाजता सूर वर चढतो. रवीने ती नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणली होती. तीन पेडल होती आणि तिन्ही दांड्या हरवलेल्या होत्या.

तेव्हा आमची भीमगीतांची पार्टी जोरात होती. उकंडादादा गायचे, मी ढोलकीवर, रवी गिटारीवर. लहानपणापासूनचा माझा दोस्त. त्याचा सूर चढायला लागला की बाया पदर डोळ्यांना लावायच्या आणि माझ्या ढोलकीकडे कुत्रंही बघत नसे. मला ते खुपायचं. खोटं कशाला बोलू?

पहिल्या दांड्या मीच केल्या होत्या, सहा वर्षांपूर्वी. उमरखेडचा जयंतीचा कार्यक्रम दोन दिवसांवर आला होता. भंगारातली स्टीलची सळी घेतली, टोक लालभडक करून आकडा वळवला आणि तसंच बादलीतल्या पाण्यात बुडवलं. अशी सळी वरून कडक दिसते आणि काचेसारखी तुटते. पुन्हा मंद आचेवर तापवून तिचा ताठा काढावा लागतो. आयटीआयच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात. मी ते केलं नाही.

"टिकन ना बे, संघर्ष?" रवीने विचारलं होतं.

"तुह्या नातवापर्यंत टिकते," मी म्हणालो होतो.

उमरखेडला दुसऱ्याच गाण्यात डाव्या पेडलची दांडी तुटली. सूर चढायला निघाला आणि मधेच लटकला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. उकंडादादा गायचे थांबले आणि वळून बघायला लागले. त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं, की चूक माझी आहे. मी बोललो ते वेगळंच.

"लाथ मारल्यावानी पाय देते हा. दांडी बिचारी काय करन?"

सगळे हसले. रवी हसला नाही. त्याने तुटका तुकडा उचलला, तुटलेली बाजू उजेडात धरून पाहिली आणि खिशात टाकला. पुढच्या कार्यक्रमाला उकंडादादांनी कीबोर्डवाला आणला. रवीने गिटारीवर चादर टाकली आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. गेल्या पावसाळ्यात काविळीने गेला. मधल्या वर्षांत आम्ही शंभरदा भेटलो असू, एका कपातला चहा दोघांत प्यायलो असू. सांगायचं राहून गेलं म्हणतात ना, तसं नाही. मी सांगितलं नाही.

आणि मग एप्रिलमध्ये त्याच्या बायकोचा, कौसल्यावहिनीचा, फोन आला.

"भाऊजी, त्या गिटारीच्या दांड्या करून देता काय?"

"कायले, वहिनी? आता कोण वाजवते?"

तिने आवाज बारीक केला.

"रोज दुपारी तार वाजते. सूर वर जायले पाह्यते... अन् मधातच राह्यते. मी अंगणवाडीतून येऊन वाट पाहून राह्यते, आता चढन, आता चढन... चढत नाही. मले झोप नाही, भाऊजी."

"उंदीर असन."

"उंदराले उमरखेडचं गाणं येते काय?"

मी फोन ठेवला आणि दोन दिवस जेवलो नाही असं नाही, पण घास गोड लागला नाही. या वेळी घरामागच्या शेडमध्ये बसून दांड्या नीट केल्या. साधी सळी घेतली, आग दाखवलीच नाही. व्हाइसमध्ये धरून टोकाचे आकडे थंडच वळवले, घासून गुळगुळीत केले, दुसऱ्या टोकाला आटे पाडले, त्यावर लांबी कमीजास्त करायला लांबट नट चढवले. आकड्यावर उभा राहून पाहिलं. वाकला नाही, तुटला नाही.

लांबी मात्र घरी ठरत नाही. त्याची एक पद्धत असते. वाजवणारा आपल्या जागी बसतो, टाच जमिनीला टेकवतो, आणि पंजा सहज जेवढा खाली जाईल त्या मापाने नट फिरवायचा. दांडी ज्याच्या पायावर बसवली, पेडल त्याचं. दुसरा बसला की पहिल्याचं बिघडतं, म्हणून रवी गिटारीसमोरच्या स्टुलावर पोरंसोरं तर सोडाच, बायकोलाही बसू देत नसे.

बाभुळगावला पोचलो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं लावलेली, आत कूलरची घरघर. वहिनीने पाणी दिलं आणि आतल्या खोलीकडे नुसतं बोट दाखवलं. खोलीत खिडकीला गोणपाट लावलेलं होतं. काविळीवर रवीला कुठला तरी पाला वाटून देत होते, त्या कडू रसाचा वास दहा महिन्यांनंतरही तिथे तसाच होता. मी चादर काढली, जमिनीवर उताणा झालो आणि गिटारीच्या खाली सरकलो.

उजवीकडच्या दोन जुन्या दांड्या काढून नव्या अडकवल्या. तिसरी हातात घेतली आणि लाईट गेली. कूलर थांबला. एवढा वेळ तो आवाज होता हे बंद झाल्यावर कळलं.

माझ्या तोंडाच्या वर, वीतभर अंतरावर, तार वाजली.

हळू वाजली, बोटाने सोडल्यासारखी. मी मान वळवली. डावं पेडल माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्याला अजून काहीच जोडलेलं नव्हतं. ते सावकाश खाली गेलं... थांबलं... वर आलं. सूर होता तिथेच राहिला. पुन्हा तार वाजली. पेडल पुन्हा खाली गेलं, या वेळी जरा जोरात. घामाने माझी पाठ फरशीला चिकटली होती.

"रवी..." मी म्हणालो. "मी पाणी देल्लं होतं बे त्या सळीले. मले माहीत होतं तुटन म्हणून. तुह्यावर ढकललं मी... माफ कर."

पेडल अर्ध्यावर थांबलं.

"मले माहीत हाये," दारातून आवाज आला. कौसल्यावहिनी उभी होती. "त्यानं तो तुकडा आणून दाखोला होता मले. म्हणे, संघर्षनं घाई केली. सांगन तो एक दिवस."

"मंग तुमी काहून नाही बोलल्या?"

"मी काहून बोलू? तो वाट पाहून राह्यला होता. दवाखान्यातबी इचारे, संघर्ष आला काय... तुमी दोनदा आलते. केळी ठेवून गेलते."

मला लाज वाटली. आजही वाटते. खालून बाहेर आलो, तिसरी दांडी अडकवली आणि म्हणालो, "वहिनी, या स्टुलावर बसा. माप घ्यावं लागते."

"मी त्याच्या जागी बसत नाही."

"मंग कोणाच्या पायाले लावू?"

"तुमच्या लावा," ती म्हणाली. "तुमच्यानं मोडली ना? तुमीच बसा."

मी बसलो. हे करायला नको होतं, पण त्या बाईला नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं. डावी टाच टेकवली, वाकून नट फिरवला, पंजा दाबून पाहिला, पुन्हा फिरवला. तिन्ही दांड्या माझ्या पायाला अगदी बरोबर बसल्या. शेवटचा नट आवळला आणि तार वाजली. माझे दोन्ही हात पान्यावर होते. मी न ठरवता पेडल दाबलं आणि सूर चढला. सहा वर्षं लटकलेला सूर शेवटपर्यंत वर गेला. वहिनी दाराला डोकं टेकवून रडायला लागली, हसायलाही लागली. मला वाटलं, सुटलो. घरी येताना मी गाडीवर गाणं म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये लेथसमोर उभा होतो. डाव्या पायाचा पंजा आपोआप जमिनीत दाबला गेला. टाच टेकलेली, पंजा खाली. मग सुटला. मग पुन्हा. साधारण एक गाणं होईल एवढा वेळ. थांबलं तेव्हा फोन वाजला.

"भाऊजी, पूर्ण वाजलं आज! एकबी सूर नाही चुकला," वहिनी म्हणाली. नव्या नवरीसारखा आवाज होता तिचा.

तेव्हापासून रोज. मी बसलेला असो, रस्त्यावर असो, पाय थांबतो आणि कामाला लागतो. डॉक्टर कमरेची नस म्हणाले, गोळ्या दिल्या. पहिल्यांदा एक गाणं व्हायचं, मग तीन झाली. पोटरी सुकत चालली आहे, जिना चढताना हाताने पाय उचलावा लागतो. एकदा मी भीत भीत फोनवर विचारलं, "वहिनी, दांड्या काढून नेऊ काय?"

"हात तर लावून पाहा," ती म्हणाली, आणि लगेच मऊ झाली. "भाऊजी, इतक्या दिवसानं मले झोप लागून राह्यली. तेवढी राहू द्या."

तिचं सुख माझ्यामुळे मोडलं होतं, आता माझ्यामुळेच चाललं होतं. मी राहू दिलं.

परवा दुपारी मात्र पायाबरोबर गुडघाही हलला. डावा गुडघा बाजूला सरकला, तिथे थांबला, परत जागेवर आला. त्या गिटारीच्या पोटाला गुडघ्याने ढकलायची एक पट्टी आहे. तिला दांडी कधीच नव्हती. रवीने ती पट्टी एकदाही वापरली नव्हती, आणि मी तीनच दांड्या केल्या होत्या. मी लगेच वहिनीला फोन लावला.

"हो ना," ती हळू आवाजात म्हणाली, आत कोणी झोपलं असावं तशी. "आजपासून नवाच सूर लागून राह्यला. ते चौथी दांडी तुमीच लावून गेलते ना, मी अंगणवाडीत असताना? कोरी करकरीत हाये..."

मे महिन्यातल्या त्या दुपारनंतर मी बाभुळगावला गेलेलो नाही.