सातव्या चौकीचं घड्याळ

दरड पूर्वसूचना केंद्राच्या भिंतीवर एक काळा फळा होता आणि त्यावर रोज सकाळी नऊ वाजता एकच ओळ लिहिली जाई: घड्याळांतली चूक, शून्य. लिहिणाऱ्या हेमांगी वायंगणकर. केंद्रात भूगर्भतज्ज्ञ होते, संगणकतज्ज्ञ होते, पण हेमांगीताईंचं पद जगावेगळं होतं, कालपाल. डोंगरातल्या नऊ चौक्यांची नऊ घड्याळं एका सुरात ठेवायची, एवढंच त्यांचं काम. ‘एवढंच’ म्हणणाऱ्याला त्या चहासुद्धा विचारत नसत.

कारण डोंगर कुठे सरकतोय हे त्या घड्याळांवरूनच कळे. पोटात खडक करकरला की हादरा जवळच्या चौकीला आधी पोचतो, लांबच्या चौकीला मागाहून. कुणाकडे किती उशिरा पोचला ते समजलं, की तो उठला कुठे हे गणिताने काढता येतं. वेळ चुकली की जागा चुकते आणि जागा चुकली की गाव चुकतं, हे वाक्य ताई नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवत आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून म्हणून घेत.

भाद्रपदातली दुपार होती. पाऊस उघडून तीन दिवस झाले होते, उन्हं पडली होती, आणि नेमकं तेव्हापासून लहान लहान हादरे सुरू झाले होते. आतापर्यंत चार झाले होते आणि गणिताने चारही वेळा एकच जागा दाखवली, चिंचदरा गावावरचा उतार. केंद्रप्रमुख फारूक मुकादम हे भूगर्भशास्त्रात केस पिकवलेले गृहस्थ. त्यांनी त्या सकाळी चिंचदऱ्याची चारशे बारा माणसं ओढ्यापलीकडे मोरशेतच्या शाळेत हलवली होती. आता टेबलावर दोन फोन उघडे ठेवले होते. डावीकडच्या फोनवर चिंचदऱ्याच्या सरपंच शेवंता उतेकर, शाळेतून बोलणाऱ्या. उजवीकडच्यावर तलाठी, जे राहिलेली गुरं हाकायला चिंचदऱ्यातच थांबले होते.

अडीचच्या सुमारास पाचवा हादरा आला. डाव्या फोनवर ताटं खणखणली, पोरं ओरडली. मग उजव्या फोनवर तलाठ्यांच्या तोंडून ‘अरे बापरे’ निघालं. पडद्यावर लाल ठिपका उमटला, पुन्हा चिंचदऱ्यावरच. मुकादमांनी समाधानाने मान हलवली. गाव वेळेवर रिकामं केलं होतं.

हेमांगीताई मात्र फोनांकडेच बघत राहिल्या. हादरा चिंचदऱ्यावर उठला असेल, तर उजवा फोन आधी बोलायला हवा होता. बोलला डावा, आणि तोही चांगले दोन सेकंद आधी. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मुकादम हसले. फोनला मागेपुढे व्हायचंच, म्हणाले.

“अर्धा सेकंद होईल, साहेब. दोन नाही होणार. आणि गाव माझ्याच घड्याळांच्या भरवशावर हलवलंय, तर त्या घड्याळांनी काय सांगितलं ते मला एकदा बघू द्या.”

ताई घड्याळांच्या दुरुस्त्यांची नोंद उघडून बसल्या. दोनच मिनिटांत त्यांनी तीच नोंद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. मुकादम खुर्ची ओढून शेजारी बसले आणि त्यांनी सोप्या भाषेत सांगा म्हटलं.

घड्याळं चौकीवर नव्हतीच. चौक्या नुसते हादरे ऐकून इकडे पाठवत. त्यांवर वेळेचा शिक्का मारत ते केंद्राच्या तळघरातले नऊ आभासी संगणक, म्हणजे हात लावता न येणारे, एका मोठ्या यंत्राच्या पोटात राहणारे संगणक. मोठं यंत्र यजमान, हे नऊ त्याचे पाहुणे.

“पाहुण्याजवळ स्वतःचं घड्याळ नसतं,” ताई म्हणाल्या. “यजमान सेकंदाला हजार वेळा त्याच्या खांद्यावर थाप मारतो आणि पाहुणा थापा मोजतो. कामात बुडाला की काही थापा मोजायच्या राहतात आणि घड्याळ मागे पडतं. म्हणून माझा कालपंच, तो एक लहानसा प्रोग्रॅम आहे, दर दहा मिनिटांनी बाहेरच्या अचूक घड्याळाशी ताडून तेवढी भर घालतो.”

“मग बिघडलं कुठे?”

“ज्येष्ठात आपण नवं यजमान यंत्र आणलं. ते राहिलेल्या थापा मागाहून स्वतःच मोजून देतं. तेव्हा मी पंच बंद करायला हवा होता. मी म्हटलं, अधिकस्य अधिकं फलम्, असू दे दोन्ही. दोन जणींनी एकाच आमटीत मीठ घातलंय, साहेब. मागे पडलेलं घड्याळ दोनदा भरून निघतं आणि पुढे जातं. पुढच्या मोजणीला पंच ते गुपचूप मागे घेतो, म्हणून फळ्यावर शून्य. मधल्या दहा मिनिटांत काय चाललंय ते कुणी बघतच नव्हतं. मीसुद्धा.”

मुकादमांनी पडद्याकडे पाहिलं. ज्याचं घड्याळ पुढे, त्याच्या हादऱ्यावर उशिराची वेळ पडणार. उशिरा पोचला, म्हणजे लांबून आला, असंच गणित समजणार. जवळचा डोंगर लांब ढकलला जाणार. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

पण प्रमुखांनी असं दोन फोनांच्या खणखणाटावर उठून चालत नाही. चारशे माणसं सकाळी हलवली, ती दुपारी परत कशाच्या जोरावर हलवायची? घड्याळं नीट करा, पुढचा हादरा येऊ द्या, मग जागा पक्की करू, असं त्यांनी सुचवलं. पुढचा हादरा शेवटचाच निघाला तर, एवढंच ताईंनी विचारलं.

ताई पुन्हा नोंदीकडे वळल्या, खरं तर आपलं पाप किती मोठं आहे ते मोजायला. चौकीवार आकडे होते. पहिल्या सहा चौक्यांना आणि नववीला दुरुस्ती जवळपास नाहीच. आठवीला एक सेकंद. सातवीला जवळजवळ तीन सेकंद. सगळी सुरुवात तीन दिवसांपूर्वी, ऊन पडल्यापासून. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, आणि मग बोट सातवरच थांबलं.

“साहेब, सात नंबरचा पाहुणा इतक्या थापा का विसरला?”

“तुम्हीच म्हणालात, कामात बुडाल्यामुळे.”

“त्याचं काम एकच आहे, त्याच्या वाट्याच्या डोंगराचं ऐकायचं. आपल्याला पडद्यावर दिवसाला दोन हादरे दिसतात, कारण बारीकसारीक करकर तो ऐकून टाकून देतो. पण टाकून देण्याआधी ऐकावी तर लागतेच. तीन दिवस त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. मला घड्याळ दुरुस्त करायचं नाही आणि हादऱ्याची वाटही बघायची नाही. जो सगळ्यात जास्त चुकला, त्याचाच डोंगर फुटतोय.”

सातवी चौकी मोरशेतच्या शाळेमागच्या उतारावर होती. त्या शाळेत आणि तिच्या खालच्या मोरशेतमध्ये आता दोन गावांची मिळून सातशेच्या वर माणसं होती, निम्म्याहून जास्त केंद्रानेच नेऊन ठेवलेली. मुकादमांनी फोनकडे हात नेला. ताईंनी तो अडवला. घड्याळं माझी आहेत, मीच बोलते, असं त्या म्हणाल्या.

शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“सकाळी म्हनला घरं सोडा. सोडली. आता म्हनताय घरला जावा. खरं कंचं धरायचं?”

“हे. सकाळचं चुकलं, आणि चूक माझी आहे. डोंगर शाळेच्या मागचा आहे, तुमचा नाही. मोरशेतचं एकही माणूस मागे ठेवू नका.”

“तुमची म्हनता?”

“माझी.”

“आजवर कुन्या सायबानं माझी म्हनलं नव्हतं,” शेवंताबाई म्हणाल्या. “चला तर. सकाळपास्नं मोरशेतवाल्यांनी आमाला जेवू घातलं. आता चूल आमची पेटंल.”

ओढा ओलांडायला तास लागला. म्हातारी माणसं खांद्यावर गेली. मोरशेतचे चार-दोन जण ऊन दाखवून वाद घालत होते. त्यांना शेवंताबाईंनी काय सुनावलं ते फोनवर ऐकू आलं, आणि मुकादमांनी ते सरकारी अहवालात लिहिलं नाही. चार वाजून वीस मिनिटांनी तलाठ्यांनी सांगितलं की मोजणी झाली, एकही माणूस पलीकडे नाही.

पाच वाजायच्या आत शाळेमागचा उतार खाली आला. शाळा गेली, तिच्या खालची अकरा घरं गेली, सातव्या चौकीचा खांब गेला. माणूस एकही गेला नाही. हेमांगीताईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मुकादमांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने चहा केला. तो फार गोड झाला होता, तरी ताईंनी सगळा प्यायला.

रात्रीतून ताईंनी कालपंचाची दुरुस्ती बंद केली, पण मोजणी चालूच ठेवली. घड्याळं सुधारायची ती यजमानाने. त्याने कुणाच्या किती थापा भरून दिल्या, म्हणजे कोण किती चुकलं असतं, ते पंचाने फक्त लिहून ठेवायचं.

सकाळी नऊ वाजता त्यांनी फळ्यावरची जुनी ओळ पुसली आणि त्या जागी चौकीवार नऊ आकडे लिहिले. आठवीला थोडी चूक होती. तिचा उतार अजून कुरकुरत होता, पण त्याच्या पायथ्याशी वस्ती नव्हती. बाकीच्यांना किंचित किंचित, प्रत्येकाला काही ना काही. सातवीसमोर त्यांनी शून्य लिहिलं. तळघरातला तिचा पाहुणा शाबूत होता आणि एकही थाप न चुकवता मोजत बसला होता.

मुकादम मागे येऊन उभे राहिले. नऊपैकी एकच घड्याळ अगदी बिनचूक चालतंय, म्हणाले.

“हो,” ताई म्हणाल्या. “त्याला आता ऐकायला काही उरलं नाही.”

त्यांनी खडूचे हात पदराला पुसले. अकरा वर्षं रोज अभिमानाने लिहिलेलं ते शून्य त्यांना पहिल्यांदाच भयाण दिसलं. मग त्यांनी फोन उचलला आणि सातव्या चौकीसाठी नवा खांब मागवला.