चार सेकंदांचं भांडण

"पण तो वळतो की."

मी शिडीच्या सातव्या पायरीवर होते. हातात लाल रंगाचा ब्रश, समोर थिएटरचा वीस फुटी बोर्ड, आणि शेवटच्या शब्दाची दोन अक्षरं राहिलेली. अशा वेळी कुणी खालून बोललं की माझं डोकं फिरतं. तरीही मी खाली पाहिलं.

एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या आणि दोन्ही हातांत एक लाकडी खुर्ची. भर रस्त्यात खुर्ची घेऊन कोण फिरतं?

"कोण वळतो?" मी विचारलं.

"पाहुणा. तुम्ही लिहिताय, 'जो मागे वळून पाहत नाही'... नवव्या भागात पाहतो ना. पुलावर."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पाहुणा म्हणजे आमचा गुप्तहेर. त्याला नाव नव्हतं. ज्या देशात जाईल तिथे तो पाहुणाच. तोवर त्याचे अकरा सिनेमे आले होते. आणि तेव्हा सिनेमा बघायचा तर थिएटरातच. प्रिंट यायची, दोन-तीन आठवडे चालायची आणि डब्यात बंद होऊन पुढच्या गावाला जायची. हुकला तो हुकला.

नवव्या भागाच्या शेवटी पाहुणा आपल्या टायपिस्टला पुलावर सोडून निघून जातो. तिला बरोबर घेतलं तर पहारेकऱ्यांना संशय येणार आणि पलीकडे लपलेली चाळीस माणसं मरणार. तो गाडीत बसतो, गाडी सुटते, संपलं. ह्यावरून आमच्या गावात दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा, लेखकांनी घात केला. आठ भाग जिच्यावर जीव टाकला तिला हा असा सोडेलच कसा? दुसरा तट म्हणायचा, सोडलं म्हणूनच तो पाहुणा. दुसऱ्या तटाची पुढारी मी. पण तो वळून पाहत नाही ह्यावर दोन्ही तटांचं एकमत होतं. न वळता सोडलं ते बरोबर की चूक, भांडण होतं ते ह्यावरून.

"मी तो सिनेमा सव्वीस वेळा पाहिलाय," मी वरूनच सुनावलं. "ह्याच थिएटरात. माझे बाबा इथले ऑपरेटर आहेत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक फ्रेम इकडची तिकडे झालेली नाही."

"मी एकदाच पाहिलाय. दुसऱ्या गावात. पण तो वळतो."

"डुलकी लागली असेल तुम्हाला."

"डुलकीत इतकं नीट दिसत नाही. डावीकडून वळतो. टोपी खाली ओढलेली असते."

इतका ठामपणा मी फक्त माझ्याच आवाजात ऐकला होता. "आपण कोण?" मी विचारलं.

"दातांचा डॉक्टर. समोर दवाखाना काढतोय. पाटी तुमच्याकडूनच रंगवून घ्यायची होती... आता जरा भीती वाटते."

मी उत्तर देणार तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. रंग ओला, अक्षरं ओली. माझ्या तोंडून काय निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर पळत समोर गेला, छत्री घेऊन आला, ती खुर्ची बोर्डाखाली ठेवून वर चढला आणि हात ताणून छत्री धरली. माझ्यावर नाही — अक्षरांवर.

"भिजताय तुम्ही," मी म्हटलं.

"तुम्हीही भिजताय. आपण वाळू. रंग ओघळला तर तुमचं सकाळपासूनचं काम जाईल."

तिथेच तो मला आवडला. कबूल करायला मात्र तीन आठवडे लागले, कारण शेवटी मी मीच.

बाराव्या भागाच्या आधी नववा पुन्हा लागणार होता, म्हणून तर तो बोर्ड. रविवारी सकाळी थिएटरच्या लॉबीत आमचं पाहुणा मंडळ जमायचं. पोस्टमास्तर, शिंपी, शाळेच्या बाई आणि अशीच वीस-पंचवीस डोकी. डॉक्टर तिथेही आला आणि तेच म्हणाला. लोक इतके हसले की शिंप्याला उचकी लागली.

"डॉक्टर, दात काढताना गॅस पेशंटला देता की स्वतः हुंगता?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

डॉक्टर हसला नाही, चिडलाही नाही. "मी पेशंटला 'दुखणार नाही' असंसुद्धा म्हणत नाही," तो म्हणाला. "दुखणार असेल तर दुखेल म्हणतो. मग ह्यात कशाला खोटं बोलू?"

पण नाव पडलंच — थापाडे डॉक्टर. आणि हे नाव लॉबीत राहिलं नाही. गावात नवा माणूस, पहिलीच ओळख थापाड्या म्हणून. त्याच्यासमोर तोंड कोण उघडणार? मी त्याची पाटी रंगवायला गेले तेव्हा बाकावर एकही पेशंट नव्हता. नवीकोरी खुर्ची, चकचकीत दिवा आणि तो एकटा, जुनं मासिक वाचत बसलेला.

"माघार घ्या," मी म्हटलं. "म्हणा, आठवणीत गफलत झाली. लोक येतील."

"गफलत झाली असती तर म्हटलं असतं."

"हट्टी आहात."

"शिडीवरून कोण बोलतंय बघा."

मला हसू आलं, ते मी ब्रशमागे लपवलं. पाटीला खरं तर दोन दिवस पुरे होते. मी सहा लावले. रोज तो शिडीशी उभा राहायचा, रोज आम्ही भांडायचो. सहाव्या भागातला जुळा भाऊ, आठव्यातलं फसलेलं विष... कुठल्या लेखकाने कुठे माती खाल्ली ते सगळं. मी पाणी मागितलं की तो आधी ग्लास धुवायचा, मग पुसायचा, मग उजेडात धरून बघायचा. असं बारीक बघणाऱ्या माणसाला एक अख्खं वळणं चुकीचं कसं आठवेल, असं मला एकदा वाटून गेलं. मी तो विचार झटकला.

शेवटच्या दिवशी मीच पैज टाकली. नववा भाग लागेल तेव्हा पहिल्या खेळाला सगळ्यांनी यायचं. ज्याचं चुकेल त्याने भर थिएटरात उभं राहून कबूल करायचं.

"चालेल," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्ही हरलात तर मला वाईट वाटेल."

"माझी काळजी करू नका. मी हरत नाही."

खेळाच्या दिवशी सकाळी मी बाबांचा चहा घेऊन वर ऑपरेटरच्या खोलीत गेले. बाबा टेबलाशी बसले होते. शेवटचं रीळ उलगडलेलं, आणि हातात कात्री.

"काय करताय, बाबा?"

बाबांनी मान वर केली नाही. "दुरुस्ती," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला आणि त्यांच्यासमोरची पट्टी दिव्यावर धरली. पूल. गाडीचं उघडं दार. आणि पाहुणा — एका फ्रेममध्ये पाठमोरा, पुढच्यात किंचित डावीकडे, त्याच्या पुढच्यात आणखी थोडा... टोपी खाली ओढलेली आणि डोळे थेट तिच्याकडे.

मी बाबांच्या पलंगवजा बाकड्यावर बसले.

"मागच्या वेळीही तुम्हीच?"

"पहिल्या खेळाच्या आधी काढलं. चार सेकंद. शहाण्णव फ्रेम," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लाज नव्हती, अभिमान होता. "प्रिंट परत पाठवताना पुन्हा जोडून दिलं. एक फ्रेम हरवली नाही माझ्याकडून."

"पण का?"

"का म्हणजे? आठ भाग पोलादासारखा उभा केलेला माणूस, आणि शेवटी लेखक घाबरले. पहारेकरी बघतायत, पलीकडे चाळीस माणसं लपलीयत, आणि हा वळून प्रेमाने बघतोय. मेले असते ना सगळे. चूक ती चूक. कुणीतरी सुधारायला नको?"

पाहुण्याचा मोठा भक्त मी, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. माझ्यापेक्षा मोठा भक्त वर ह्या खोलीत बसला होता, आणि गावाच्या दोन्ही तटांना चार वर्षं त्याने एकट्याने भांडायला लावलं होतं.

"जा तू खाली," बाबा म्हणाले. "मी कापतो. तू जिंकशील. तुझा मान राहील, माझाही राहील."

"आणि डॉक्टर?"

"त्याचं काय? लोक विसरतात."

"त्याला थापाड्या म्हणतात, बाबा. आणि तो एकटाच खरं बोलतोय." मी कात्री त्यांच्या हातातून काढून घेतली, त्यांनी सोडली, पण सहज नाही. "मी गावात ताठ मानेने फिरते ती ऑपरेटरची मुलगी म्हणून. असं कापून जिंकले तर ताठ कशाच्या जोरावर राहू?"

बाबांनी पट्टी पुन्हा एकदा दिव्यावर धरून पाहिली. चहावर साय धरली.

"आवडतो का तो तुला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पाहुण्याला वळवणारा जावई," बाबा पुटपुटले, आणि रीळ जसंच्या तसं गुंडाळायला लागले.

थिएटर भरलेलं होतं. मंडळ पुढच्या रांगांत, डॉक्टर कडेच्या खुर्चीवर, हात मांडीवर घट्ट धरून. शेवटचं रीळ लागलं. पूल आला. गाडीचं दार उघडलं... आणि पाहुणा वळला.

चार सेकंद कुणी श्वास घेतला नाही. मग सगळी डोकी डॉक्टरकडे वळली. बरोबर उत्तर दिलेल्या मुलासारखं त्याने ऐटीत इकडेतिकडे पाहिलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

दिवे लागले. मी पडद्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज चढवला.

"तो वळतो. मी चुकले. आपण सगळेच चुकलो, कारण मागच्या वेळी ही चार सेकंदं इथे कापलेली होती. वर, आमच्याच ऑपरेटरच्या खोलीत. डॉक्टर पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते, आणि आपण त्यांना थापाडे म्हणत होतो."

मागच्या भिंतीतली ऑपरेटरच्या खोलीची छोटी खिडकी खाडकन उघडली. बाबांचं डोकं बाहेर आलं.

"मी कापली," ते वरून गरजले. "आणि अजून सांगतो, वळायला नकोच होतं त्याने."

शिंपी उठून म्हणाला, "ऑपरेटरसाहेबांचं बरोबर आहे." शाळेच्या बाई म्हणाल्या, "काहीतरीच काय, ती चार सेकंदं म्हणजे अख्खा सिनेमा आहे." आणि पोस्टमास्तरांनी आधी डॉक्टरसमोर जाऊन दोन्ही हात जोडले, मग "माझी अक्कलदाढ फार दिवस ठणकतेय, उद्या येऊ का?" असं विचारून ते भांडणात शिरले. बाबा खिडकीतून दोन्ही बाजूंना उत्तरं देत होते. इतके खूश मी त्यांना क्वचित पाहिलं होतं.

मी लॉबीत आले. डॉक्टर मागोमाग आला.

"धाडसाचं काम केलंत," तो म्हणाला.

"तसं काही नाही. खरं होतं ते सांगितलं."

"एक गोष्ट सांगायची राहिलीय..." तो घुटमळला. "मला तुमच्या बाबांचं पटतं. वळायला नको होतं त्याने."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "मग तीन आठवडे माझं डोकं कशाला खाल्लंत?"

"तो वळतो, एवढंच म्हणत होतो मी. वळावं असं कधी म्हटलं?"

"कमाल आहे. आणि मला आज वाटलं की वळला ते फार बरं झालं. तिला निदान कळलं तरी."

"कळून काय उपयोग? गेलाच ना तो."

"न कळण्यापेक्षा कळलेलं बरं. जन्मभर पुरतं माणसाला."

तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "मग तुम्हालाही कळलेलं बरं. मला तुम्ही फार आवडता."

मंडळ एव्हाना भांडत भांडत लॉबीत येऊन पोचलं होतं. दाराशी बाबाही आले होते, बाह्या वर सारून. आज एकदा सगळ्यांसमोर चूक कबूल केली होती. हे तर चूक नव्हतं, मग ह्याला आवाज कशाला कमी करायचा?

"मला तुमच्याशी लग्न करायचंय," मी खणखणीत म्हटलं. "पण पुलाच्या बाबतीत तुमचं साफ चुकतंय."

डॉक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"लग्नाला हो," तो म्हणाला. "पुलाचं मी पटवून देईन. वेळ लागेल."

"लागू दे," मी म्हटलं, आणि सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला.