आत्या बोलली की पेट्रोल वाढतं

मृण्मयी आत्या बोलायला लागली की तिच्या विमानातलं पेट्रोल वाढायचं.

निदान काटा तरी तसं सांगत होता. सावनी शेट्ये विमानात आत्याच्या शेजारच्या सीटवर बसली होती. विमान जमिनीवरच उभं होतं, इंजिन बंद होतं. आत्याने रेडिओचं बटण दाबून विचारलं, "टिटवी बोलतेय, आवाज येतोय का?" तेवढ्यात पेट्रोलचा काटा पाव टाकीवरून उठला आणि थेट अर्ध्याच्या पुढे गेला. बटण सुटलं, तसा काटा पुन्हा खाली आला.

"आत्या, परत बोल ना!"

"रेडिओवर उगीच बोलायचं नसतं गं. काय झालं?"

"काटा बघ. फक्त काटा बघ."

आत्याने पुन्हा बटण दाबलं. "टिटवी, चाचणी, चाचणी." काटा पुन्हा टुणकन वर गेला. सावनीची नजर शेजारच्या काट्यावर गेली. तो इंजिनातल्या तेलाचं तापमान दाखवणारा काटा होता. तोही हलला होता.

"इंजिन तर थंडगार आहे," सावनी म्हणाली. "मग तू बोललीस म्हणून तेल तापलं?"

आत्याने वाकून दोन्ही काटे जवळून पाहिले. गेले कितीतरी दिवस ती या काट्यांच्या मागे लागली होती, पण बोलताना तिची नजर नेहमी बाहेर, धावपट्टीवर असायची. काट्यांकडे बघत बसायला तिला कधी सवडच मिळाली नव्हती.

टिटवी हे आत्याचं स्वतःचं विमान. दोन सीटचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, आत्याच्याही आधी जन्मलेलं. एव्हाना आकाशात उडणारी बहुतेक विमानं कार्बनच्या धाग्यांची होती आणि ती आपली आपणच उडत. पण आत्या सागरी जीवशास्त्रज्ञ होती. खाडीकाठी नव्याने लावलेल्या कांदळवनाची रोपं जगली का, हे तिला अगदी खालून, अगदी हळू उडत पाहायचं असे. त्या कामाला टिटवीइतकं चांगलं काहीच नव्हतं. कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, छोटी धावपट्टी होती. तिथेच टिटवीची शेड होती.

मागच्या महिन्यात आत्या संध्याकाळी काट्यांच्या फलकावरचे दिवे लावून उतरली तेव्हा काटा अर्धी टाकी दाखवत होता. तिने नेहमीप्रमाणे टाकीत लाकडी मोजपट्टी बुडवली, तर पावसुद्धा भरेना. आत्या घड्याळ लावून, किती वेळात किती पेट्रोल जळतं याचा हिशेब ठेवून उडायची, म्हणून काही झालं नाही. पण सावनीच्या आईने ऐकलं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, "विमान खोटं बोलतंय तोवर माझी मुलगी त्यात उडणार नाही."

आणि दिवाळीची सुट्टी तर सुरू झाली होती.

शेडमध्ये टिटवीच्या शेजारीच त्या दोघींची वाट बघत एक यंत्रमानव उभा होता. विमान-तपासणी केंद्राने तो कालच पाठवला होता. त्याला चार चाकं होती आणि सुईत दोरा ओवता येईल असे दोन नाजूक हात. सतत काही ना काही मोजत असायचा, म्हणून सावनीने त्याचं नाव मापाडी ठेवलं होतं. त्यालाही ते आवडलं असावं, कारण हाक मारली की तो लगेच वळायचा.

"मी काल पेट्रोलचा काटा बदलला," मापाडी म्हणाला. "नवा काटाही तसाच वागतो आहे. सगळे काटे बदलावे लागतील, पण केंद्रातला तो शेवटचा होता आणि या विमानाचे सुटे भाग आता मिळत नाहीत. शिवाय एक गंभीर बाब आहे. प्रत्येक यंत्राची एक एक तार गायब आहे."

"गायब?" आत्याने भुवया उंचावल्या.

"वीज एका तारेने येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. मी तपासलेल्या प्रत्येक विमानात दोन तारा होत्या. इथे प्रत्येक काट्याला, प्रत्येक दिव्याला एकच तार आहे. दुसरी चोरीला गेली आहे का? हे विमान कायमचं जमिनीवर ठेवावं, असं माझं मत आहे."

सावनीने घाबरून आत्याकडे पाहिलं. पण आत्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"मापाडी, तू आजवर फक्त कार्बनची विमानं पाहिलीस ना? सावनी, जेवणाच्या डब्यासोबतचं स्टीलचं ताट आण. आणि त्या खणातून एक सेल, बल्ब आणि तारेचा तुकडा."

आत्याने ताट जमिनीवर ठेवलं. ताटात सेल उभा केला. बल्बची धातूची कडा तिने ताटाला टेकवली. मग तारेचं एक टोक सेलच्या डोक्यावर आणि दुसरं बल्बच्या बुडाशी असलेल्या ठिपक्यावर धरलं. बल्ब लागला!

"तार एकच," सावनी म्हणाली. "मग वीज परत कुठून गेली?" तिने बल्बपासून ताटावरून बोट फिरवत सेलच्या बुडापर्यंत नेलं. "ताटातून!"

"बरोबर. आता ताटाऐवजी डब्याचं प्लास्टिकचं झाकण घे."

झाकणावर बल्ब लागला नाही.

"टिटवी म्हणजे हे ताट," आत्या म्हणाली. "हिचं सगळं अंग धातूचं. बॅटरीचं ऋण टोक (जिथे वीज परत येते ते टोक) सरळ अंगालाच जोडलेलं आहे. त्यामुळे वीज तारेने जाते आणि विमानाच्या अंगातून परत येते. जुन्या विमानांत असंच करत. अर्ध्या तारा वाचतात, वजन वाचतं. तुझ्या कार्बनच्या विमानांतून वीज इतक्या सहज वाहत नाही, म्हणून तिथे दुसरी तार लागते."

मापाडीच्या कपाळावरचा दिवा दोनदा लुकलुकला. "समजलं. विमान हीच दुसरी तार. मग दोष कुठे आहे?"

सावनी पुन्हा सीटवर जाऊन बसली. पेट्रोलचा संवेदक (मोजून खबर देणारा भाग) होता पंखातल्या टाकीत. तेलाचा संवेदक होता इंजिनात. दोन्ही एकाच वेळी कसे बिघडतील?

"आत्या, दोन मुलांनी परीक्षेत अगदी एकसारखी चूक केली, तर बाई काय म्हणतात?"

"दोघं एकाच बाकावर बसली होती का, असं विचारतात."

"मग हे दोन काटे कुठल्या बाकावर बसलेत?"

आत्याने समोर पाहिलं. सगळे काटे आणि रेडिओसुद्धा एकाच काळ्या फलकावर बसवलेले होते. "या फलकावर," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे सगळ्यांची वीज आधी या फलकात येते आणि मग अंगात जाते."

सावनी सीटखाली उताणी झोपली आणि विजेरी घेऊन फलकाच्या मागे डोकावली. तारांचं जंगल होतं. फलकाच्या चारही कोपऱ्यांत काळे जाड गोळे दिसले. तिने बोटाने दाबून पाहिलं. "आत्या, हे रबर आहे!"

"हो. इंजिनाच्या थरथरीने काटे खराब होऊ नयेत, म्हणून फलक रबरावर बसवलाय."

"पण रबरातून वीज जात नाही. म्हणजे फलक विमानाला चिकटलेलाच नाही! तो ताटात नाही, झाकणावर आहे. वीज परत जाते कुठून?"

क्षणभराने तिला ते दिसलं. तांब्याच्या बारीक तारांची वेणीसारखी विणलेली एक पट्टी फलकापासून निघून विमानाच्या सांगाड्याला स्क्रूने जोडलेली होती. फलकाची परतीची वाट ती एवढीच.

मापाडीने लगेच आपला नाजूक हात आत सरकवला. त्याने पट्टीचा रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) मोजला आणि सांगितलं, "रोध जवळजवळ शून्य. पट्टी ठीक आहे."

सावनीचा चेहरा पडला. तिला खात्रीच वाटली होती. ती बाहेर आली आणि शेडच्या दाराशी जाऊन बसली. मापाडी चुकीचं मोजत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण काटा नाचताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर? काटा कायम चुकीचा असता तर गोष्ट वेगळी. तो एवढा नाचतो कधी? आत्या बोलते तेव्हाच.

ती ताडकन उठली.

"मापाडी, तू मोजलंस तेव्हा आत्या बोलत होती का?"

"नाही. सगळं बंद होतं. मी माझ्याकडची अगदी थोडी वीज पट्टीतून सोडली आणि मोजलं."

"आमच्या शाळेचं फाटक आहे ना, त्याची कधीकधी एकच झडप उघडी असते. सकाळी उशिरा एकटीच गेले तर मला काही त्रास होत नाही. पण शाळा सुटल्यावर सगळी मुलं एकदम येतात आणि नुसती चेंगराचेंगरी! तू एकट्या मुलीला पाठवून विचारलंस, फाटक ठीक आहे का?"

आत्या खुर्चीतून उठलीच. "रेडिओ ऐकताना फारच थोडी वीज घेतो. बोलायचं बटण दाबलं की कितीतरी पट जास्त घेतो. तेव्हाच गर्दी होते! मापाडी, आता रोध नको मोजूस. व्होल्टमीटर लाव. एक टोक फलकाला, दुसरं सांगाड्याला. चांगल्या पट्टीच्या दोन टोकांमध्ये विद्युतदाबाचा (विजेला पुढे ढकलणाऱ्या जोराचा) फरक जवळजवळ नसतोच. वाट चिंचोळी असेल, तर गर्दीच्या वेळी तो वाढेल."

आत्या सीटवर बसली. फक्त रेडिओ ऐकायला सुरू होता तेव्हा मीटरवरचा आकडा जेमतेम हलला. मग तिने बटण दाबलं. "टिटवी, चाचणी."

आकडा झपकन एक व्होल्टच्या पुढे गेला आणि त्याच क्षणी दोन्ही काटे उडाले.

"सापडलं!" सावनी ओरडली. ते रेडिओवर ऐकू गेलं आणि पलीकडून कुणीतरी विचारलं, "टिटवी, काय सापडलं?"

हसू आवरल्यावर सावनीने विचारलं, "पण काटा वरच का जातो?"

"भिंतीवर तुझी उंची मोजताना आपण मोजपट्टीचा शून्य जमिनीला टेकवतो," आत्या म्हणाली. "तो शून्यच सरकला तर?"

"उंची चुकेल. मी तेवढीच असेन, पण पट्टी भलतंच सांगेल."

"काट्यांसाठी फलक म्हणजे शून्य. गर्दी झाली की फलकावरची वीज लवकर परत जाऊ शकत नाही, आणि हा शून्य दर वेळी एकाच बाजूला सरकतो, म्हणून काटा वरच जातो. टाकीत काहीच बदललेलं नसतं. काट्यांचाही दोष नाही. त्यांच्या पायाखालची जमीन हलते."

मापाडीने पट्टीचा स्क्रू काढला. वरून चकचकीत दिसणाऱ्या पट्टीखाली पांढरी भुकटी साचली होती. वेणीतल्या बऱ्याच तारा आतून हिरव्या पडून तुटल्या होत्या. थोड्याशाच शाबूत होत्या. आत्याने भुकटी बोटावर घेतली. "टिटवी पूर्वी धुळ्याला होती, कोरड्या हवेत. इथे आल्यापासून खारा वारा खातेय. त्यानेच गंज धरला."

दुपारी केंद्राच्या ड्रोनने नवी पट्टी आणली. मापाडीने सांगाड्यावरची जागा घासून घासून लख्ख केली आणि पट्टी घट्ट बसवली. मग आत्या रेडिओवर बोलली, फलकावरचे दिवे लावले, पुन्हा बोलली. काटे जागचे हलले नाहीत. तरीही सावनीचं समाधान झालं नाही. तिने टाकीत मोजपट्टी बुडवली. पट्टी आणि काटा, दोघांचं उत्तर एकच आलं.

मापाडी सावनीकडे वळला. मग म्हणाला, "माझं मोजमाप चुकलं नव्हतं. मोजायची वेळ चुकली होती. हे विमान कायमचं जमिनीवर ठेवावं, हे माझं मत मी मागे घेतो. मात्र सांगाड्याचे बाकीचे सगळे जोड मला गर्दीच्या वेळी तपासायचे आहेत. तुम्ही मदत कराल?"

"मला तू म्हण," सावनी म्हणाली. "मग करेन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते दोघं जोड तपासत राहिले. शेपटाच्या दिव्याचा आणखी एक जोड गंजलेला निघाला, तोही त्यांनी नीट केला. सावनीने आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं, अगदी ताट आणि झाकणासकट. आईने मध्ये तीन-चार अवघड प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरं मिळाल्यावर ती म्हणाली, "जा. पण पट्टा नीट बांध."

टिटवी सड्यावरून उठली. खाली खाडीचं पाणी वळणं घेत गेलं होतं आणि चिखलात हिरव्या ठिपक्यांच्या रांगाच रांगा होत्या. "जगली!" आत्या म्हणाली. ती सगळी कांदळवनाची रोपं होती. सावनी काचेला नाक लावून मोजत राहिली आणि दर वेळी मोजणी चुकत राहिली.

शाळा सुरू झाल्यावर एके दिवशी मापाडीचा निरोप आला. गर्दीच्या वेळी मोजायची युक्ती त्याने केंद्रातल्या सगळ्या यंत्रमानवांना शिकवली होती. त्या युक्तीमुळे डोंगराळ भागात औषधं पोचवणारं एक जुनं विमान भंगारात जाता जाता वाचलं होतं.

निरोपाच्या शेवटी एक प्रश्न होता. "इथे आणखी एक विमान आहे. त्याच्या पंखावरचा दिवा दुपारी नीट लागतो आणि पहाटेच्या थंडीत विझतो. मी कोणताही भाग अजून बदललेला नाही. तुला काय वाटतं?"

सावनीने दप्तर खाली टाकलं आणि उत्तर लिहायला घेतलं, "आधी मला सांग, थंडीत त्या दिव्याच्या जोडातलं काय काय आकसून सैल होतं?"