गाळलेले भाग

दिवा असू दे. बाहेर अजून उजेड आहे, मलाही दिसतंय. पण हल्ली मी तो उजेडासाठी लावत नाही. तू बस. तिथे नको, तिथे त्याचा पलंग होता. इकडे खिडकीपाशी ये. तू त्याचा कामातला जोडीदार, इतकी वर्षं दोघं लिफ्ट दुरुस्तीला एकाच खड्ड्यात उतरलात, म्हणून तुला सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, भाऊ गेला आणि बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

सुरुवात अगदी साधी होती. मी औषधं आणायला बाहेर पडले होते. वेदनेवरच्या पट्ट्या, कापूस, स्पिरिट. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून टीव्हीला लॅपटॉप जोडायची वायर घेतली, कारण बारक्यानं सकाळपासून तिचा धोशा लावला होता. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं, आता भावाला घरी न्या. किती दिवस, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी शाळेत रजा टाकली, हँडल फिरवून वरखाली होणारा पलंग भाड्यानं आणला आणि इथे, या बाहेरच्या खोलीत लावला.

"आणलीस?" दार उघडताच त्यानं विचारलं.

"औषधं की वायर?"

"औषधं काय, ती कुठे पळून जातायत? वायर."

त्याला ती मालिका बघून संपवायची होती. तूच त्याला तिचं वेड लावलंस ना, दोघं नवीन नवीन कामाला लागलात तेव्हा? मला तेव्हा ही जपानी ॲनिमे म्हणजे लहान मुलांची कार्टून वाटायची. एक निरोप्या पोरगा, त्याच्या पाठीवर मोहोर लावलेली पेटी आणि ती दूरच्या डोंगरावर कुणाला तरी नेऊन द्यायची. गोष्ट एवढीच, आणि भाग शेकडो. अर्ध्यावर पोचला होता बारक्या. मधे लग्न केलं, ते मोडलं, कामं वाढली, मग आजार.

"पेटीत काय आहे ते कळल्याशिवाय मी मरत नसतो, ताई," तो म्हणाला. मग आम्ही दोघंही थोडा वेळ वायरीशी झटापट करण्यात फार गुंतल्यासारखं केलं.

सगळे भाग बघण्याइतका वेळ नव्हता, हे त्यालाही कळत होतं. म्हणून फिलर गाळायचे ठरले. फिलर म्हणजे काय, ते त्यानंच मला सांगितलं. मूळ गोष्ट चित्रांच्या पुस्तकातून हळूहळू येत असते, टीव्हीवाले तिच्या फार जवळ पोचतात. मग पुस्तक पुढे जाईपर्यंत टीव्हीवाले आपल्या मनानं काहीतरी रचून वेळ काढतात.

"त्यात काहीच घडत नाही. निरोप्याचा हात तुटू दे, तो दरीत पडू दे, मूळ गोष्ट सुरू झाली की अंगावर ओरखडासुद्धा नसतो. फिलरमध्ये कुणी मरत नाही, ताई."

"मग वाईट काय त्यात?"

"बनवणारे दुसरेच असतात गं. चेहरा तोच दिसतो, पण काढणारा हात वेगळा. नीट बघितलंस तर कळतं. बोटं बघायची. बोटं कधीच जमत नाहीत त्यांना."

कुठून कुठे गाळायचं ते तू फोनवर सांगायचास. आठवतं? पहिल्यांदा म्हणालास, "पुलापर्यंत आलात का? त्यापुढे मिठागराचं गाव लागेल, ते सगळं फिलर. थेट नदी ओलांडतात तिथे या." मी माउस घेतला आणि सरळ नदीवर आले. आम्ही तो भाग बघितला. दुपार होती. पडदे ओढलेले होते. भाग संपल्यावर मी चहा टाकायला उठले, तर सकाळी आणलेलं दूध नासलं होतं. खिडकीतलं रोप सुकून वाकलं होतं. मला वाटलं, उन्हानं.

तेवढ्यात त्याचं बघायला घरी येणाऱ्या सिस्टर आल्या. हातात नवी चादर. "काल तुम्ही मळकी चादर दाखवलीत ना, म्हणून आणली."

"काल? काल तर तुमची सुट्टी होती. काल रविवार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, काल बुधवार होता. तुम्ही झोपत नाही आहात, त्यानं असं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि एक सांगू? त्यांची नखं इतकी खोल नका कापू. रक्त येतंय."

मी त्याची नखं कापलीच नव्हती. जाऊन त्याचा हात हातात घेतला. सगळी नखं मांसापर्यंत कापलेली.

"तुला काही आठवतंय?" मी विचारलं.

"काहीच नाही." तो बोटांकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. कितीतरी दिवसांनी. "ताई... म्हणजे तेवढे दिवस दुखलंच नाही."

पुढच्या वेळी आम्ही मुद्दाम करून बघितलं. गाळलं, आणि दिवस गेले. गोळ्यांची पाकिटं रिकामी, त्याची दाढी वाढलेली. सिस्टर म्हणाल्या, मी त्याच्या उशाशीच बसलेली असते, सगळं वेळच्या वेळी करते, फक्त हल्ली बोलत नाही. आणि त्याच्या नखांना पुन्हा रक्त.

मी सांगितलं, आता एकही भाग गाळायचा नाही.

बघ, मी काही महिने मागत नव्हते. हेच दिवस हवे होते मला. दुपारी सूप भरवायचं, त्यानं दोन चमचे घेऊन तोंड फिरवायचं. फिलरमधल्या एखाद्या टुकार लढाईला आम्ही मिळून नावं ठेवायची. "याचं नाक बघ, काल डावीकडे होतं," असं म्हणून तो हसायचा, हसताना पोट धरायचा. काहीच घडत नव्हतं. मला काही घडायला नकोच होतं.

पण दुखणं वाढत गेलं. पट्ट्या पुरेनात. उशी दातात धरायचा. शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायला सांगायचा.

"गाळ ना, ताई."

"नाही."

"काय आहे या दिवसांत? उठायचं, दुखायचं, गोळी, दुखायचं. फिलर आहे नुसता."

"मला हवाय."

"तुला हवाय." तो दम खात थांबला. "दुखतंय मला."

मी त्याची उशी सरळ केली आणि पुढचाच भाग लावला.

शेवटी फिलरचा तो मोठा पट्टा आला. तू फोनवर म्हणाला होतास, "ताई, हा सगळ्यात लांबलचक, निरोप्या धुक्यात वाट चुकतो तो. हा गाळलात की मग नुसता शेवटच." बारक्यानं सगळं ऐकलं. माउस उचलायचीही ताकद नव्हती त्याच्यात. हातानं नुसता माझ्याकडे ढकलला.

"तू ठरव," म्हणाला. "तू म्हणशील तसं. खरंच."

त्या दुपारी त्यानं माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं नाही. म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही. मी एका हातात त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं गाळलं. आधी हातात हात होता. नंतर नुसती हाडं होती. सगळे दिवस गेले होते. त्याच्यासोबतचे माझे शेवटचे सगळे दिवस.

शेवट बघितला आम्ही. डोंगरावर एक म्हातारी ती पेटी उघडते आणि आत किल्ली असते, निरोप्याच्याच घराची. बारक्याचे डोळे उघडे होते. मला त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "एवढंच होय? अरे लेका, ही पहिल्याच दिवशी द्यायची की!" हसलासुद्धा. शेवटचं गाणं संपलं तेव्हा तो नव्हता.

मी मनाची समजूत घातली. त्याला पेटीतलं कळलं. आणि त्या लांबलचक पट्ट्यात त्याला दुखलं नाही. या दुसऱ्या गोष्टीवर मी जगत होते, खोटं नाही सांगत.

पलंग परत गेला. लोक येऊन गेले. मग एका दुपारी घर फार शांत वाटायला लागलं, म्हणून मी टीव्ही लावला. बघितलेल्या भागांवर बरोबरची खूण असते ना, गाळलेल्यांवर नव्हती. मिठागराच्या गावाचा पहिला भाग मी लावला. त्याचं राहिलंय, आपण बघू, एवढंच मनात होतं.

सुरुवातीचं गाणं संपलं, आणि माझ्या मागे पलंगाचं हँडल फिरल्याचा आवाज आला.

तुला तो आवाज माहीत आहे. कर्र... कर्र... मधेच एक अडकल्यासारखा. मग स्पिरिटचा वास आला. मी मान वळवली नाही. टीव्हीच्या काचेत बघितलं. मागे पलंग होता. पलंगावर तो होता. आणि उशाशी, माझा करडा स्वेटर घालून, कुणीतरी बसलं होतं. नेलकटरचा आवाज येत होता. टिक. टिक. टिक.

तो झोपलेला नव्हता रे. गुंगीतही नव्हता. टक्क जागा होता.

मी वळले. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिच्या खांद्यावरून त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा कसा झाला, ते मला सांगता येणार नाही. लहानपणी बाजारात हरवला होता आणि सापडला होता, तसा.

"ताई..." अगदी हळू. तिला ऐकू जाऊ नये असा. "ताई... ही कोण आहे?"

मी पलंगाकडे एक पाऊल टाकलं.

"किती हाका मारल्या तुला... ही बोलत नाही. नुसती कापत बसते."

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूनं गेले आणि त्याचा दुसरा हात घेतला. तेव्हा तिनं मान वर केली. चेहरा माझाच होता. नाक, डोळे, हनुवटीवरचा तीळसुद्धा. मग मी तिच्या हातांकडे बघितलं. सगळी बोटं एकाच लांबीची होती.

ती उठली. नेलकटर स्वेटरच्या खिशात टाकलं आणि माझ्या अंगावरून, ज्या बाजूनं मी आले होते त्या बाजूला निघून गेली.

मी बसले त्याच्याजवळ. खूप बोललो आम्ही. त्याला काहीच आठवत नाही असं जे तो म्हणाला होता, ते खरंच होतं. गाळलेल्यातून बाहेर आल्यावर त्याला आठवायचं नाही. पण आत, त्या गाळलेल्या दिवसांत, तो सगळा वेळ जागा असायचा. दुखायचं, तेही सगळं. फक्त मी नसायचे. भाग संपला तशी मी इथे, या खोलीत होते. दिवेलागणीची वेळ. खिडकीतल्या रोपाला कुणीतरी पाणी घातलेलं होतं. समोरच्या काकू जिन्यात म्हणाल्या, "काल तुम्हाला दोनदा हाक मारली, बघितलंसुद्धा नाहीत." आणि माझी नखं... हे बघ. अजून भरली नाहीत.

म्हणजे ती कुठे गेली होती, ते तुला कळलं असेल.

आता मला सांग, मी काय करू? इतके भाग आहेत. तो सगळ्यात मोठा धुक्याचा पट्टा, तो तर सगळाच बाकी आहे. त्यातल्या एकेका भागात तो तिच्यासोबत आहे, जागा, आणि मला हाका मारतोय. मी एक भाग बघते, तेवढा वेळ ती तिथून उठते. इथले चारपाच दिवस जातात त्यापायी. जाऊ देत. इथल्या दिवसांत आहे काय?

नाही, बंद करू नकोस. वायरीला हात लावू नकोस. तुझ्या पाया पडते.

तू म्हणशील, यातले कुठले गाळता येतील का बघू, पूर्वी फोनवर सांगायचास तसं. नाही. आता एकही नाही.

तुला बोलावलं ते एवढ्यासाठीच. मी आता पुढचा लावणार आहे. मी तिकडे गेले की इथे या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असेल. तिच्याशी बोलू नकोस. हात देऊ नकोस तिच्या हातात. फक्त दिवा विझू देऊ नकोस. दिव्याजवळ ती फारशी सरकत नाही, असं मला वाटतं. खात्री नाही.

काय?

काल? काल आला होतास तू? नाही रे... काल मी... मग मी काय बोलले तुझ्याशी?

काहीच नाही?

असू दे. तो माउस दे इकडे. त्याच्या हाकेची वेळ झाली. दे ना... असा मागे का सरकतोयस? आणि मघापासून माझ्या बोटांकडे का बघतोयस?