क्योतोचा नैवेद्य

ही गोष्ट खोटी निघाली, तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल.

पण ती खोटी नाही. जिच्यावर बेतली ती माझी मामेबहीण, कश्मिरा. झुरळाला घाबरेल, पण एक शब्द वाढवून सांगणार नाही. जसं तिच्याकडून ऐकलं, तसं सांगते.

यंदाची संक्रांत नुकतीच झाली होती. शुक्रवार, वेळ दिवेलागणीची. गाव क्योतो, जपानची जुनी राजधानी.

कश्मिरा राहते टोकियोजवळ, इचिकावाला. घरात नवरा निहार आणि चार वर्षांची लेक नेत्रा. त्या आठवड्यात ऑफिसनं तिला क्योतोला पाठवलं होतं. सोबत तिचे साहेब, ओकुबो-सान. पन्नाशीचे, अबोल, घड्याळाच्या काट्यावर चालणारे.

मीटिंग दुपारीच आटोपली. गाडी संध्याकाळची. आता इतक्या लांब येऊन नुसती मीटिंग करून परत जायचं, हे पुण्याच्या माणसाला जमतं होय? कश्मिरानं साहेबांना जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

किल्ला पाहिला. तिथली लाकडी जमीन पाऊल पडलं की पाखरासारखी चिवचिवते, शत्रूला चोरपावलांनी येता येऊ नये म्हणून. मग जुन्या राजवाड्याच्या भिंती, मग टेकडीवरचं मोठं देऊळ. आमच्या घरच्या ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस. शेवटी मीच लिहिलं, बाई, कामाला गेलीयेस ना तू?

तिनं जीभ काढलेला चेहरा पाठवला.

त्यानंतर ग्रुपवर एकही फोटो आला नाही.

देवळामागून एक गल्ली खाली उतरत होती. कडेला छोट्या दगडी मूर्तींची रांग. लहानपणीच गेलेल्या लेकरांसाठी बसवलेल्या. प्रत्येकीच्या गळ्यात लाल लाळेरं, पुढ्यात चॉकलेटं, ज्यूस, एखादं खेळणं.

ओकुबो-सान त्यांच्याकडे न बघता पुढे निघून गेले.

कश्मिरा थांबली... कारण रांगेपासून जरा लांब एक दगड होता. एकटाच. लाळेरं नाही, पुढ्यात काही नाही. चेहरा झिजून सपाट झालेला.

आईचं काळीज. तिला भरून आलं. कुणाचं तरी लेकरू, आणि त्याच्या हातावर कुणी खाऊसुद्धा ठेवू नये?

पर्समध्ये तिळगुळाचा डबा होता. माझ्या मामीनं, म्हणजे तिच्या आईनं, पुण्याहून पाठवलेला. ऑफिसात वाटून बरेच लाडू उरले होते. तिनं डबा उघडून दगडासमोर ठेवला. बाटलीतलं पाणी त्याच्याभोवती फिरवलं. हात जोडले आणि म्हणाली, "घे बाळा, सगळं तुझंच."

मग झाकण लावलं आणि डबा पर्समध्ये टाकला.

यात तिला काही वावगं वाटलं नाही. तुम्हाला तरी वाटलं का? आपण नैवेद्य दाखवतो आणि तोच प्रसाद म्हणून घरी आणतो. शिवाय तिथे पाटीही होती की खाण्याचं ठेवून जाऊ नका, कावळे येतात.

झाकण लागलं... आणि झाडावर कोकलणारे कावळे एकदम गप्प झाले.

गल्लीत दुसरा कसलाच आवाज नाही.

मग तिच्या मागे, अगदी कमरेच्या उंचीवर... कुणीतरी करकर दात खाल्ले.

ती गर्रकन वळली. कुणी नव्हतं.

ती धावत साहेबांना गाठायला गेली. त्यांनी काय झालं विचारलं. तिनं सगळं सांगितलं, वर हसून म्हणाली की काही सांडलं नाही, सगळं उचलून आणलंय. तिला वाटलं, स्वच्छता ठेवली म्हणून खूश होतील.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"दिलंत," ते म्हणाले, "आणि परत घेतलंत?"

ज्यांना कुणी नाही अशांना रस्त्यात सहज हात जोडू नयेत, ते मागे लागतात, असं त्यांची आई सांगायची म्हणे. हिनं तर हात जोडले, जेवायला वाढलं आणि पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. हात दाखवून अवलक्षण! आत्ताच्या आत्ता डबा परत ठेवा, म्हणाले.

दोघं वर आले. रांग होती, लाळेरी होती, पाटी होती.

पण तो एकटा दगड... नव्हता.

त्याच्या जागी ओली माती होती, आणि तिच्यावर तिनं फिरवलेल्या पाण्याची गोल रेघ.

स्टेशनवर साहेबांनी स्वतःचं तिकीट बदलून दुसऱ्या डब्यात जागा घेतली. तो खाऊ कुणाला देऊ नका, एवढंच म्हणाले. निघताना मान झुकवून निरोपही घेतला नाही. जपानी माणूस असं करत नाही हो.

गाडीत तिच्या शेजारची जागा रिकामी होती. पुढच्या स्टेशनवर एक म्हातारी बाई तिकीट बघत आली. जागेचा नंबर पाहिला. मग त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं... कमरेतून वाकून माफी मागितली, आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

कश्मिरा शेवटपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी आल्यावर तिनं डबा फडताळात अगदी वर ठेवला. टाकणार कसा? एक तर प्रसाद, तो कचऱ्यात टाकायला मन धजेना. आणि तिथे जाळायचा कचरा ठरल्या दिवशीच नेतात, तो दिवस मंगळवार. त्याआधी पिशवी बाहेर ठेवली तर शेजारी दारात हजर. सकाळी नदीत सोडू, असं तिनं ठरवलं. निहारला मात्र काही सांगितलं नाही. भित्री म्हणून हसेल, म्हणून.

तिथेच सगळं चुकलं.

सकाळी ती अंघोळीला गेली होती. मामीचा व्हिडिओ कॉल आला. पोरीला तिळगूळ दिलास का रे, म्हणून तिनं जावयाला विचारलं. निहारनं डबा काढला आणि लेकीच्या हातावर एक लाडू ठेवला.

कश्मिरा बाहेर आली, तेव्हा नेत्रा शेवटचा घास चावत होती. कुडुम... कुडुम.

तिनं गिळलं, तोंड मिटलं.

चावण्याचा आवाज मात्र चालूच होता... सोफ्याच्या मागून.

त्या दिवसापासून पोरीच्या अंगी अन्न लागेना. वाढलेलं सगळं संपवायची आणि भूक लागली म्हणून रडायची. पुन्हा वाढायचं, पुन्हा तेच. आठवडा गेला आणि फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. गालफडं बसली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले. काही सापडलं नाही.

नेत्रा तशी मराठीत विचारलं तरी जपानीतच उत्तर द्यायची, त्यात नवल नव्हतं. पण आता झोपेत ती एकच शब्द म्हणायची. "काएशिते... काएशिते."

परत दे.

तो आवाज नेत्राचा नव्हता. निहारनंही ऐकला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

कश्मिरानं ओकुबो-सानना फोन लावला, अक्षरशः विनवण्या केल्या, क्योतोला सोबत चला म्हणून. ते म्हणाले, "तुमच्या मागून कुणीतरी लहान मूल श्वास घेतंय. मला ऐकू येतंय." आणि फोन ठेवला. नेत्रा तेव्हा शाळेत होती, आणि कश्मिरा घरात एकटी.

मग ती एकटीच गेली. भर दुपारी, नवा डबा घेऊन. दगडाच्या त्या मोकळ्या जागेवर तिनं सगळे लाडू ओतले आणि मातीवर डोकं टेकलं. रडत म्हणाली, "चुकले रे बाबा. जे घेतलंस ते तुझं. मी परत मागणार नाही. फक्त माझं घर सोड."

कुठेतरी... एक लहान मूल खुदकन हसलं.

ती परतीच्या गाडीत बसली नाही, तोच निहारचा फोन. शाळेतून आल्या आल्या पोरगी पोटभर जेवली होती, तृप्तीची ढेकर देऊन झोपली होती. नवरा-बायको दोघंही फोनवर रडले.

आता नेत्राचं वजन वाढलंय. गाल भरलेत. मामीनं सत्यनारायण घातला. सगळे म्हणतात, सुटलो बाई एकदाचे.

मी गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर पाहिलं तिला. वरणभात खात होती. पूर्वी वरण बघितलं की ताट ढकलायची, मावशी मावशी करून मला भंडावून सोडायची. आता ताटाभोवती डावा हात धरून बसली होती, कुणी ओढून नेईल म्हणून राखावं तशी. मी हाक मारली. तिनं वर पाहिलं. खाणं न थांबवता, पापणी न लवता, कॉल संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

मला ती नजर आवडली नाही. खरं सांगते, मी कॅमेरा बंद केला.

परवा भर दुपारी कश्मिराचा फोन आला. पोर शाळेत होती, तरी ही बाथरूमचं दार लावून, नळ सोडून बोलत होती. म्हणाली, नेत्रा रोज माझ्या कानाची पाळी धरून झोपायची. आता भिंतीकडे तोंड करून झोपते. मी हात लावला की अंग आखडून घेते, आणि दात करकर वाजवते.

मी म्हटलं, लहान आहे, आजारातून उठलीये, होईल नीट.

तिनं नळ आणखी मोठा सोडला.

मग ती म्हणाली, "ताई, मी बोलून बसले ना, परत मागणार नाही म्हणून. घरात आहे ती जेवते गं पोटभर. माझी नेत्रा तिथे उपाशी असेल का?"