गोजरबाईचं दार

चैत्रातल्या एका दुपारी मुंजाजीची मोटार पाणी ओढेना. नुसती गुरगुरायची, पाइपातून हवा तेवढी यायची. येलदरी धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं हटलेलं. पाइपाच्या तोंडाची जाळी गाळात रुतली असणार, हे त्याला न पाहताच कळलं. भुईमुगानं माना टाकलेल्या आणि लाइट चार वाजेपर्यंतच. दरसालाप्रमाणं त्यानं आपला ताफा पाण्यात लोटला.

ताफा म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबांवर बांधलेलं सागवानी दार. मुंजाजी त्यावर चक्क उभा राहायचा आणि बांबूला पत्रा ठोकून केलेल्या वल्ह्यानं पाणी कापत जायचा. लोक हसायचे. हसोत बापडे, त्यांच्या जाळ्या काढायलाही यालाच बोलवत.

दार त्याच्या चुलतीचं, गोजरबाईचं. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं. अठरा वर्षांपूर्वी जुनं गाव धरणात जाणार म्हणून सगळे आपापली दारं, तुळया काढून नव्या गावठाणात नेत होते. रीत अशी, की घरातलं शेवटचं माणूस चुलीला हात जोडून उंबऱ्याबाहेर पडलं, की मगच दाराला हात लावायचा. पण ट्रकवाला थांबेना आणि मुंजाजी बावीस वर्षांचा. गोजरबाई चुलीपाशी असतानाच त्यानं दार उचकटलं. ती बाहेर आली आणि रिकाम्या चौकटीकडं बघत राहिली.

"मुंजा, दारच न्हाई, तर मी भायेर आले कुठून?"

सगळे हसले, मुंजाजीही हसला. दोन महिन्यांत म्हातारी नव्या गावातच वारली. मरेपर्यंत एकच विचारायची, मला इथं कोणी आणलंच न्हाई, तर घरी कधी न्याल? ते दार मुंजाजीनं कुठल्याच चौकटीला लावलं नाही. मन झालं नाही, एवढंच सांगायचा.

तर त्या दुपारी जाळी मोकळी झाली. परतायचं सोडून मुंजाजी वल्हवत आणखी आत गेला, जुन्या गावाच्या डोक्यावर. खाली काही दिसतंय का, हे बघायची त्याला फार खोड. तो वाकला. बांबू आधारासाठी खाली सोडला, तो तळाला लागलाच नाही, हातातून निसटून आत गेला. आणि त्याच्यामागं मुंजाजी.

पडणं नवं नव्हतं. ताफ्यावर बाजूनं चढायचं नसतं, तो कलंडतो. मागून धरायचं, पाय मारायचे, पोट टेकवून सरकायचं. त्यानं तसंच केलं. दार पुढून उचललं गेलं, उभं राहिलं आणि त्याला पाण्यात सोडून पुन्हा आडवं झालं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर कुणी तोंडावर दार लावावं तसं झालं. धोतर पायांत गुंडाळलं, दंड भरून आले. चौथ्यांदा जमलं नाही तर आपण बुडणार, हे त्याला कळून चुकलं.

काठावरून बायको, कमलबाई ओरडली, "अवो, सोडू नगा! आश्रुबाला बोलवून आणते!"

सगळ्यात जवळचं शेत आश्रुबाचं, तेही मैलभर लांब. वारा पडलेला. जुन्या भिजल्या मातीचा वास पाण्यातून वर येत होता, सारवलेल्या घरासारखा. दाराच्या खालच्या अंगाला त्याच्या बोटांना कडी लागली.

तेव्हा त्याला आठवलं. गोजरबाईच्या घरी कुणीही येवो, कडी तीनदा वाजवायची आणि आतून आवाज येईपर्यंत थांबायचं. तसाच घुसला तर मुंजाजीलाही ती उंबऱ्यावरून परत धाडायची.

त्यानं कडी वाजवली. एक… दोन… तीन.

"काकू… येऊ का?"

उत्तर आलं नाही. मात्र तळपायाखाली हाताचा एक तळवा आला. लहानपणी माळवदावर चढवताना ती द्यायची, तसा सावकाश रेटा. मुंजाजी दारावर पालथा पडला. दार जराही हललं नाही.

हातानं पाणी मारत काठाला लागल्यावर, वाटेतूनच मागं फिरलेल्या कमलबाईला तो म्हणाला, "पायाखाली भिंत असंल कुणाची."

"तिथं तुमचा एवढा बांबू आख्खा आत गेला की."

मुंजाजी पाण्याकडं बघत बसला. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण तिनं आपल्याला वर काढलं, की आपण तिला बाहेर पडायला दार नेऊन दिलं, हे कोडं त्याला भीतीपेक्षा जास्त छळत होतं.

भुईमूग भिजला. दार त्यानं काठावरच्या बाभळीला टेकवून ठेवलं. दिवेलागणीला दोघं शेतातल्या खोपीत होती. कमलबाई भाकरी थापत होती. खोपीला दार म्हणजे तुराट्यांचं ताटवं, सुतळीनं बांधलेलं.

बाहेर कडी वाजली. एक… दोन… तीन.

मुंजाजीचा घास हातातच राहिला. त्यानं ताटव्याकडं पाहिलं. त्याला कडी नव्हतीच. बायकोला गप्प करायला त्यानं हात उचलला, पण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात गोजरबाईनं लावलेली सवय कमलबाईच्या अंगात मुरलेली होती. तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली,

"या, आत या."